टपालाच्या पिशव्या घेऊन उडालेले जे. आर. डी. टाटा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत एक लेख नेहमी दिवंगत थोरांच्या चरित्राचा असतो. यंदा तो माझ्या वाट्याला आला. मी सातवी शिकलेली बाई. दुधाचा हिशेब आणि बचत गटाची वही यापलीकडे माझा हात लिहिण्याला सरावलेला नाही. परंतु अध्यक्षबाईंना नाही म्हणवेना. विषय ठरला होता आकाशात गेलेल्या माणसांचा. मुलीने लगेच राकेश शर्मांचे नाव काढले. हवाई दलातले वैमानिक, नवीन विमान घेऊन त्याची परीक्षा पाहणारे, आणि १९८४ सालच्या एप्रिलमध्ये रशियाच्या यानातून अंतराळात जाऊन आलेले. पण ते आपल्यात आहेत, त्यांना उदंड आयुष्य लाभो. आणि हा लेख गेलेल्यांवर असतो. मग चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग मनात आले. तेही आधी विमानांची चाचणी घेणारेच, आणि २०१२ साली निवर्तले. चार दिवस त्यांच्याविषयी वाचले, पण चंद्र काही माझ्या हाती लागेना. अशात वाचनालयातल्या बाईंनी जे. आर. डी. टाटांचे चरित्र पुढे केले. हे अंतराळात गेले नाहीत. पण या देशात बसून वैमानिकाचा पहिला परवाना त्यांनीच मिळवला, आणि विमानाने टपाल नेता येते की नाही याची परीक्षा त्यांनी स्वतःच्या जिवावर पाहिली. आणखी एक कारण होते. ते पुढे येईलच.

टाटा हे नाव आपल्या लोणावळ्याला नवे नाही. वळवणचे धरण, लोणावळ्याचा तलाव, शिरवत्याचे पाणी, हे सारे त्यांच्या वीज कंपनीचे. १९११ साली येथे पायाचा दगड बसला आणि १९१५ साली आपल्या पावसाचे पाणी घाटाखाली खोपोलीला पडून त्याची वीज मुंबईला गेली. मावळ मुळशीही विसरलेले नाही. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर शेतकरी आपल्या जमिनींसाठी धरणाच्या कामावर जाऊन बसले होते, तेही याच कंपनीच्या धरणावरून. तेव्हा टाटा म्हटल्यावर सगळ्यांच्या मनात एकच भाव उमटत नाही, हे मला ठाऊक आहे. त्या वेळी जेआरडी सोळा-सतरा वर्षांचे होते. मी लिहिते आहे ती गोष्ट धरणांची नाही, त्या मुलाची आहे.

जहांगीर रतनजी दादाभाई टाटा यांचा जन्म पॅरिस शहरी २९ जुलै १९०४ रोजी झाला. वडील पारशी, जमशेटजी टाटांच्या नात्यातले. आई फ्रेंच, नाव सुझान. हिंदुस्थानात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून या सुझानबाईंचे नाव सांगतात. मुलगा आईवर गेला असे म्हणावयास हरकत नाही. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डेलो म्हणून गाव आहे, तेथे त्यांचे सुट्टीचे घर होते. शेजारी घर होते लुई ब्लेरिओ यांचे. विमानाने इंग्लिश खाडी पहिल्यांदा ओलांडणारे ते हेच, १९०९ साली. त्यांचे विमान वाळूवर उतरे आणि मुले धावत सुटत. पंधराव्या वर्षी जहांगीरला अशाच एका विमानात बसावयास मिळाले आणि तेथेच त्याचे चित्त अडकले. अडकले ते अखेरपर्यंत.

आई क्षयाने १९२३ साली गेली. मुलाला केंब्रिजला जाऊन इंजिनियर व्हावयाचे होते. पण वडिलांनी १९२५ साली मुंबईस बोलावून घेतले आणि बिनपगारी उमेदवार म्हणून कचेरीत बसवले. दुसऱ्याच वर्षी वडीलही गेले. बावीस वर्षांचा मुलगा, पाठीमागे भावंडे, आणि वडिलांनी करून ठेवलेले कर्ज. कॉलेज राहिले ते राहिलेच. पुढे पदव्या मानाने चालून आल्या, पण अभ्यास करून मिळवलेली एकही त्यांच्याजवळ नव्हती आणि याची खंत त्यांना जन्मभर वाटे. हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून मी थोडा वेळ तशीच बसले. कोट्यधीशाच्या खंतीशी माझी खंत जुळेल असे कधी वाटले नव्हते. रात्र रात्र जागून ते पुस्तके वाचीत आणि जे शाळेने दिले नाही ते घरी बसून मिळवीत.

मुंबईस जुहूला विमान शिकवणारा क्लब निघाला, तेव्हा जेआरडी पहिल्या शिकणाऱ्यांत होते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना परवाना मिळाला. त्यावर आकडा होता एक. हिंदुस्थानात दिलेला वैमानिकाचा हा पहिला परवाना.

त्याच वर्षाच्या अखेरीस आगाखानांनी एक बक्षीस जाहीर केले. हिंदुस्थान ते इंग्लंड हा प्रवास एकट्याने विमानातून करील त्या पहिल्या हिंदी माणसाला पाचशे पौंड. जेआरडी १९३० सालच्या मे महिन्यात कराचीहून निघाले. अस्पी इंजिनियर नावाचा एक पारशी मुलगा, वय अवघे सतरा, इंग्लंडहून उलट्या दिशेने येत होता. दोघांची गाठ पडली इजिप्तमध्ये अबुकीर येथे. अस्पीचे विमान तेथे अडकून पडले होते. इंजिनाचे स्पार्क प्लग निकामी झालेले आणि जवळ जादा प्लग नाहीत. जेआरडींजवळ होते. त्यांनी ते काढून दिले. दोघे आपापल्या वाटेने उडाले आणि अस्पी काही तासांनी आधी पोचून बक्षीस घेऊन गेला. शर्यतीतल्या प्रतिस्पर्ध्याला आपल्या हातांनी प्लग देणे म्हणजे चुलीतला विस्तव शेजारणीला देऊन आपला स्वयंपाक मागे ठेवण्यासारखेच. जेआरडींनी त्याबद्दल कधी हळहळ केली नाही. तोच अस्पी पुढे १९६० साली भारताच्या हवाई दलाचा प्रमुख झाला.

आता टपालाची गोष्ट. त्या काळी विलायतेचे टपाल विमानाने कराचीपर्यंत येई आणि तेथून पुढे आगगाडीने. नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या एका वैमानिकाने जेआरडींना सुचवले की कराची ते मुंबई आणि पुढे मद्रास हे टपाल आपण विमानाने न्यावे. घरातल्या वडीलधाऱ्या सर दोराबजींना हा उद्योग फारसा पसंत नव्हता. मिनतवारी करून त्यांच्याकडून दोन लाख रुपये मिळाले. सरकारने अनुदान दिले नाही. दोन लहान विमाने, तीन वैमानिक, तीन मेकॅनिक आणि जुहूला झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी, एवढ्यावर कंपनी उभी राहिली.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून जेआरडी एकटे उडाले. विमान एका इंजिनाचे, पस मॉथ जातीचे. बरोबर टपाल सुमारे पंचवीस किलो, म्हणजे आपल्या तांदळाच्या पोत्याच्या निम्मे. रेडिओ नाही, पुढे पाऊस आहे की धुके हे सांगणारे कोणी नाही. खाली पाहावे, किनारा ओळखावा आणि जावे. अहमदाबादला पेट्रोलसाठी उतरले, तर पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आलेले. बैलगाडीने विमानाला पेट्रोल पाजले हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दुपारी दोनच्या आत विमान जुहूला टेकले. तेथून पुढे व्हिन्सेंट टपाल घेऊन बेल्लारीमार्गे मद्रासला गेले.

आता आपल्या मुलखाचा संबंध येतो. जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राकाठची चिखलवट. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई. म्हणून पाऊस लागला की विमाने, वैमानिक, मेकॅनिक सारे बिऱ्हाड पुण्यास हलवीत, आणि काम पुण्याहून चाले. पुण्यास यावयाचे म्हणजे सह्याद्री ओलांडणे आलेच. मैत्रिणींनो, आपल्याकडचा आषाढ काय असतो हे मी तुम्हांला सांगावयास नको. दारात उभे राहिले तर अंगणातले तुळशीवृंदावन दिसत नाही, आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत, घाटात गाडी दिवसा दिवे लावून चालते. अशा ढगांतून लाकडी पंख्याच्या चिमुकल्या विमानातून ही माणसे घाटमाथा ओलांडीत, आणि तीही वेळेवर. पहिले वर्ष पुरे झाले तेव्हा सरकारी अहवालात मुद्दाम नोंद झाली की ऐन पावसाळ्यात, पश्चिम घाटातले संकट असूनही, मद्रास-मुंबईचे टपाल कराचीला एकदाही चुकले नाही. विलायतेच्या मोठ्या विमान कंपनीने आपली माणसे टाटांकडे शिकावयास पाठवावीत, असा टोलाही त्यात होता. पहिल्या वर्षात एक लाख साठ हजार मैल उड्डाण झाले, १५५ उतारू गेले आणि नफा साठ हजार रुपये झाला. उतारू टपालाच्या पिशव्यांशेजारी अवघडून बसत असतील. मला मात्र त्या आठवड्याला येणाऱ्या पत्राचे वाटते. कोणाचा मुलगा विलायतेत शिकावयास गेलेला, त्याच्या आईला पत्र काही दिवस आधी हाती पडले असेल.

पुढचे भराभर सांगते, कारण ते पुष्कळांना ठाऊक आहे. चौतिसाव्या वर्षी, १९३८ साली, ते साऱ्या टाटा उद्योगांचे प्रमुख झाले. व्हिन्सेंट महायुद्धात १९४२ साली विमानासकट नाहीसे झाले. १९४६ साली विमान कंपनीचे नाव एअर इंडिया पडले. ८ जून १९४८ रोजी मलबार प्रिन्सेस हे मोठे विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करीत लंडनला गेले. स्वातंत्र्याला वर्षही पुरे झाले नव्हते आणि आपले विमान विलायतेच्या दाराशी उभे राहिले. त्या विमानात जेआरडी स्वतः होते. होमी भाभांनी त्यांना पत्र लिहून विज्ञानसंशोधनाच्या संस्थेसाठी मदत मागितली आणि १९४५ साली ती संस्था उभी राहिली. भाभांच्या हाताखालच्या अणुशक्ती खात्यातच पुढे देशाच्या अंतराळकार्याची पहिली समिती निघाली. तेव्हा टपालाच्या पिशव्यांपासून अंतराळापर्यंत एक धागा जातो म्हणावयाचा.

आपल्या पुणे जिल्ह्यातली एक हकीकत मात्र सोडवत नाही. १९७४ साली टेल्कोच्या पुण्याच्या कारखान्याने इंजिनियर हवे म्हणून जाहिरात दिली आणि त्यात स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले. सुधा कुलकर्णी नावाच्या विद्यार्थिनीने, म्हणजे आताच्या सुधा मूर्ती यांनी, रागावून थेट जेआरडींना एक पोस्टकार्ड धाडले. त्यांना मुलाखतीस बोलावणे आले आणि नोकरीही मिळाली. ही आठवण त्यांनीच लिहून ठेवली आहे. पोस्टकार्ड तेव्हा पैशांत मिळत असे. आपण किती रागावतो आणि पोस्टकार्ड किती जणी टाकतो?

आता ज्याच्यासाठी हे चरित्र मी निवडले ते सांगते.

१९५३ साली सरकारने देशातल्या साऱ्या विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. एअर इंडियाही गेली. एकवीस वर्षे वाढवलेले मूल दुसऱ्याच्या घरी गेले, आणि देण्याआधी आपल्याशी नीट विचारविनिमय झाला नाही याचे जेआरडींना फार लागले. त्यांनी ते बोलूनही दाखवले. पंडित नेहरूंनी त्यांना परदेशी उड्डाणांच्या सरकारी कंपनीचे अध्यक्ष व्हावयास सांगितले. कोणीही म्हणाला असता, माझे घेतलेत ना, आता तुम्हीच सांभाळा. ते तसे म्हणाले नाहीत. पगार न घेता त्यांनी ते काम पत्करले आणि पंचवीस वर्षे केले.

आणि कसे केले! विमानात बसले की टिपणवही काढीत. चहा आणि कॉफी यांचा रंग एकसारखा दिसतो, कोणता पेला कोणता हे उतारूने ओळखावे कसे, असे लिहून ठेवीत. खुर्ची किती मागे कलते, पडदे कोणत्या रंगाचे, काटेचमचे कसे मांडले. कोठे टेबलावर धूळ दिसली तर शिपायाला हाक न मारता फडके घेऊन स्वतः पुशीत. एकदा मोठे सरकारी अधिकारी लक्ष्मीकांत झा त्यांच्याबरोबर प्रवासात होते. जेआरडी उठून गेले ते बराच वेळ परत येईनात. मागाहून कळले, विमानातल्या सगळ्या संडासांत कागदाची गुंडाळी नीट बसवली आहे की नाही हे ते पाहत होते. देशातला एवढा मोठा उद्योगपती! काही जण म्हणत की टाटांचे लक्ष आपल्या कंपन्यांपेक्षा सरकारच्या या कंपनीवरच अधिक. यात तथ्य असावे. त्यांच्या पत्नी थेल्माबाई, १९३० साली त्यांच्या घरी आल्या, मूलबाळ नव्हते. त्यांना या टिपणवहीविषयी काय वाटत होते हे मी वाचलेल्या पुस्तकात कोठे नाही. मला ते वाचावयास आवडले असते.

पण फडके घेऊन धूळ पुसणारा अध्यक्ष मला लगेच ओळखीचा वाटला. घर आपल्या नावावर नसते, पगार नसतो, आणि चहाचा रंग बिघडला तर जीव मात्र आपला वरखाली होतो.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. आमच्या बचत गटाने एका शाळेत नऊ वर्षे मुलांची खिचडी शिजवली. तांदूळ मी निवडीत असे, डाळ मी धूत असे, कोणत्या मुलाला तिखट चालत नाही हे मला पाठ होते. मग एके दिवशी काम दुसऱ्याकडे गेले. आम्हांला ते शाळेच्या शिपायाकडून कळले. मोठा टोप आमचा होता, तो मी रिक्षात घालून घरी आणला आणि त्यानंतर तीन वर्षे त्या रस्त्याने गेले नाही. बाजाराला जाताना वळसा घालून जात होते. मुले वाटेत भेटली, काकू म्हणाली, तरी मी लगबगीने पुढे होत असे. मी रुसले होते, आणि रुसण्याचा मला हक्क आहे असे मला वाटत होते. अजूनही थोडे वाटते.

म्हणून १९७८ सालचे प्रकरण मी तीनदा वाचले. त्या वर्षी एक जानेवारीस एअर इंडियाचे सम्राट अशोक हे जंबो विमान मुंबईहून उडताच वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे गेली. महिन्याभरातच मोरारजी देसाईंच्या सरकारने जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर केले. सरकारी पत्र हाती पडण्याआधी ही बातमी त्यांना, त्यांच्या जागी नेमलेल्या हवाई दलाच्या निवृत्त प्रमुखांकडूनच समजली. पंचवीस वर्षे बिनपगारी काम आणि शेवट असा. कर्मचाऱ्यांनी निषेध केला. इंदिरा गांधी त्या वेळी सत्तेत नव्हत्या. त्यांनी जेआरडींना पत्र लिहून कळवले की सजावट आणि हवाई सुंदरींच्या साड्या येथपर्यंत त्यांनी घातलेल्या लक्षामुळेच ही कंपनी जगात नावाला आली. साड्यांची आठवण एका बाईनेच काढली, हे ध्यानात घ्यावे. जेआरडींना दुःख झाले आणि ते त्यांनी लपवले नाही. परंतु १९८० साली पुन्हा सत्तेवर आल्यावर इंदिराबाईंनी त्यांना संचालक मंडळावर बोलावले तेव्हा ते गेले. आता अध्यक्ष नव्हे, साधे सभासद म्हणून. मान कमी झाला म्हणून ते घरी बसले नाहीत.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी पहिल्या टपालाला पन्नास वर्षे झाली. जेआरडी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी जुन्या काळचे एका इंजिनाचे लेपर्ड मॉथ विमान घेतले, कराचीला गेले आणि त्याच मार्गाने, अहमदाबादला उतरून, एकट्याने जुहूला आले. तिसाव्या वर्षाच्या सोहळ्यालाही, १९६२ साली, त्यांनी तसेच केले होते. पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी! आपल्याकडे या वयाच्या माणसाला गच्चीवर एकटे जाऊ देत नाहीत. तरुण मंडळींचा हुरूप मावळला आहे, त्यांना काही दाखवावे, असा त्यांचा हेतू होता म्हणतात. मला वाटते त्यांना फक्त उडावयाचे होते.

१९९२ साली त्यांना भारतरत्न मिळाले. पुढच्या वर्षी २९ नोव्हेंबरला जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. पॅरिसला, जेथे जन्मले तेथेच, त्यांना पुरले आहे. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी पुन्हा टाटांकडे आली. तोवर त्यांना जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती.

गेल्या श्रावणात मी त्या शाळेवरून बाजाराला गेले. खिचडीचा वास आला. डाळ थोडी करपली होती. आत जाऊन सांगावे की नाही याचा विचार करीत फाटकापाशी उभी राहिले, आणि मग गेले. तेथल्या बाई आधी कावऱ्याबावऱ्या झाल्या. पातेले जुने झाले आहे, बूड पातळ आहे, म्हणाल्या. आमचा टोप घरी पालथा पडलाच होता. दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून तो नेऊन दिला.

चरित्राचे पुस्तक मी वाचनालयात परत केले आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी न्यावे. पानांत माझी एक खूण राहिली असेल तर ती तशीच ठेवावी.